मोज्याचं गाणं

“पोरीच्या तोंडचा घास काढून घेतलात हो तुम्ही,” बाई म्हणाल्या.

ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसापुढे कसं बसायचं ते सव्वीस वर्षांच्या वाद्यवृंदाच्या नोकरीत मला चांगलं पाठ झालंय. मान खाली घालायची, व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवायचं आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण आम्हाला शिकवणाऱ्या बाई वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून फरशीवर पाय पसरून बसल्या होत्या आणि तिथूनच, शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी इतक्या साध्या आवाजात हे म्हणाल्या. मुलं तोवर गेली होती. अकरा मुलं, चार-साडेचार वर्षांची, एकमेकांच्या कोटांच्या बाह्या ओढत, जिन्यावर धबाधब पाय आपटत गेली होती. वर्गात उरलो होतो आम्ही सहाजण. सहाही जण चांगले वाजवणारे-गाणारे, आणि सहाही जण लहान मुलांना गाणं शिकवायला शिकणारे. म्हणजे बालवाडीच्याही खालच्या इयत्तेतले. त्यात सगळ्यांत वयस्कर मी, एक्कावन्न वर्षांचा. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “घास कसला?” मी म्हटलं, “एक सूर तर होता.” बाई म्हणाल्या, “तेच म्हणतेय मी. एकच तर होता.”

झालं होतं एवढंच. बाईंनी मुलांसाठी बांधलेलं एक गाणं आहे, मोज्याचं. तसं फालतूच. ‘एक मोजा पायात, एक मोजा कुठे? खाटेखाली, दाराआड, शोधू तरी कुठे? सापडला, सापडला—’ आणि इथे शिकवणाऱ्यानं थांबायचं. उरलेला शब्द आहे ‘इथे!’ दोन अक्षरं, एकच सूर, आणि तो सूर म्हणजे गाण्याचं घर. सगळं गाणं फिरून फिरून त्याच्याकडे येतं. तो मुलांचा. शिकवणाऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. एवढा एकच नियम. तर मी गात होतो आणि समोर ती मुलगी बसली होती. कोटाचं वरचं बटण सारखं पिळत बसते म्हणून आम्ही आपसात तिला बटणच म्हणतो. ‘सापडला, सापडला’ म्हणून मी थांबलो. बटणनं तोंड उघडलं. तिची छाती वर आलेली मला स्पष्ट दिसली. आणि माझ्याच गळ्यातून खणखणीत आलं, ‘इथे!’ अगदी सुरेल आलं, त्यात काडीची खोट नव्हती. बटणनं तोंड मिटलं आणि बटण पिळायला घेतलं. ही माझी या महिन्यातली चौथी वेळ होती.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, पण बाहेर बघवेना. ज्यानं आयुष्यभर वाजवलंय ना, त्याला विचारा. सूर घरापर्यंत येऊन उंबऱ्यावर थांबला की माणूस आतून कासावीस होतो. मी दहा वर्षांचा असताना माझा थोरला भाऊ मला छळायचा म्हणजे काय करायचा, तर शिट्टीवर एखादी चाल वाजवायचा आणि शेवटचा सूर तेवढा गाळून झोपून जायचा. मी अंथरुणातून उठून, थंड फरशीवर अनवाणी उभा राहून, तो सूर वाजवून परत झोपायचो. घरात सगळे हसायचे. गाणं शिकवणारे गुरुजी मात्र हे ऐकून हसले नाहीत, ते म्हणाले, हा पोरगा वाजवणार. म्हणजे ज्या खोडीमुळे मी वादक झालो, तीच खोड आता मला शिक्षक होऊ देत नव्हती. आणि शुक्रवारी शेवटचा वर्ग होता, परवाच. शाळांकडून एक अधिकारी बाई फाइल घेऊन येणार, आमचे वर्ग बघणार आणि कोणाला शाळेत घ्यायचं ते ठरवणार. बाकीच्या पाचांचं काय, ते नापास झाले तर आपापल्या वाद्याकडे जातील. आमचा ट्रंपेटवाला आहे, त्याला सगळे तोफ म्हणतात, तो लग्नात वाजवील, मिरवणुकीत वाजवील. पियानोवाली मुलगी आहे, तिच्याकडे पदकांची भरलेली पेटी आहे. माझ्याकडे काय आहे? माझ्याकडे डाव्या हाताची करंगळी आहे, आणि ती गेली तीन वर्षं माझं ऐकत नाही.

दुखत नाही ती. दुखली असती तर लोकांना दाखवता आली असती. चमचा धरते, बटण लावते, सगळं करते. फक्त व्हायोलिनच्या पट्टीवर आणली की आत वळते आणि तळहातात जाऊन बसते, आणि मग मेंदूनं कितीही हाका मारल्या तरी ढिम्म. डॉक्टर म्हणाला, बोटाला काही झालेलं नाही, बोटाच्या हुकमाला झालंय. सव्वीस वर्षं तेच तेच करून वाट बुजली. वाद्यवृंद सोडताना मी पाठीचं कारण सांगितलं. पाठ म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. खरं फक्त बायकोला आणि डॉक्टरला माहीत. या वर्गात नाव घातलं तेव्हा मनात एकच होतं, की चला, पोरांना ‘डो रे मी’ म्हणायला शिकवू, त्याला करंगळी कशाला लागते? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात तो हा असा. पहिल्या दिवशी मी चांगल्या इस्त्रीच्या शर्टात आलो होतो आणि बसायला खुर्ची शोधत होतो. खुर्चीच नव्हती. मुलांच्या खुर्च्या होत्या, माझ्या पोटरीएवढ्या उंचीच्या. बाई म्हणाल्या, “खाली बसा. सहा आठवडे आता वरून काही दिसायचं नाही.”

त्या पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी जी काही हात दाखवून अवलक्षणं करून घेतली, ती आठवली तरी अजून कान गरम होतात. मुलं आत आली, गोलात बसली, आणि मी व्हायोलिन काढून सूर जुळवायला घेतले. चार तारा, जपून, डोळे मिटून, माझ्या रीतीप्रमाणे. डोळे उघडले तेव्हा गोलात तीन मुलं होती. बाकीची खिडकीपाशी उभी राहून रस्त्यावरची क्रेन बघत होती. बाई म्हणाल्या, “तुमची पूजा झाली, पण देव उठून गेले.” तोफेनं तर त्याच्या घनगंभीर आवाजात गाणं सुरू केलं आणि सगळी मुलं त्याच्यामागून घशातल्या घशात गुरगुरायला लागली. तो खूश. म्हणाला, बघा, सगळी कशी म्हणताहेत! बाईंनी त्याला विचारलं, “मुलाचा गळा कुठे सुरू होतो ठाऊक आहे?” तोफेला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. सव्वीस वर्षं जगातल्या सगळ्या वाद्यांचा आवाका मला तोंडपाठ, आणि माणसाच्या पोराचा गळा कुठून कुठवर जातो ते माहीत नाही! त्याच्या आवाजाच्या तळघरात मुलं उतरूच शकत नव्हती, बिचारी पायरीवर बसून नुसती गुरगुरत होती. त्या दिवशी बसमध्ये तोफ माझ्याशेजारी बसला होता, एवढा आडदांड माणूस, आणि मांडीवर बोटं आपटत पातळ आवाजात वरच्या पट्टीत मोज्याचं गाणं म्हणत होता. लोक बघत होते. त्याला त्याचं काही नव्हतं. तेव्हा मला तो पहिल्यांदा आवडला.

आणि ती वही. बाईंनी प्रत्येकाला एक वही दिली होती. दुसरा कोणी शिकवत असला की आपण मागे बसून डाव्या पानावर लिहायचं, मुलांनी काय केलं. शिकवणाऱ्यानं काय केलं ते नाही, फक्त मुलांनी. ‘लाल मोज्याच्या मुलानं तिसऱ्या ओळीला गुडघा हलवला.’ ‘बटणनं श्वास घेतला, सोडून दिला.’ असं. उजवं पान तुमच्या मतांसाठी, पण ते कोरं ठेवायचं. “मग दिलंय कशाला?” मी विचारलं. “मतं येणारच,” बाई म्हणाल्या, “त्यांना बसायला जागा पाहिजे. पण लिहायची नाहीत.” पहिल्या आठवड्यात माझी डावी पानं कोरी आणि उजवी भरगच्च. पालथ्या घड्यावर पाणी होतो मी. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काहीतरी झालं. मला दिसायला लागलं. लाल मोज्याचा मुलगा गात नाही, पण ठेका त्याच्या गुडघ्यात येतो, आणि तो बरोबर येतो, तोफेपेक्षा बरोबर. एक मुलगी गाणं संपल्यावर गाते, आपल्या पिशवीत डबा शोधताना. मी थोर थोर वाजवणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलोय, ज्यांच्या नावावर सभागृहं भरतात अशांच्या. पण बाईंएवढं ऐकणारं माणूस मी पाहिलेलं नाही. गुडघे त्यांचे उठता-बसता कटकट वाजतात, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि कान असे की अकरा मुलांच्या गलक्यात कोणाचा श्वास अडकला ते मागच्या भिंतीपाशी बसून सांगतील.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आम्हाला हात बदलायला लावले. आपलंच वाद्य, पण उलट्या हातांनी. म्हणाल्या, तुम्ही विसरलात, न येणं म्हणजे काय असतं ते. मग काय, नुसता तमाशा. पियानोवाली हात फुलीसारखे एकमेकांवरून टाकून बसली आणि रडकुंडीला आली. मी गज डाव्या हातात घेतला, व्हायोलिन उजव्या खांद्यावर, आणि कर्कश, किंचाळणारा, नवशिक्याचा आवाज काढला. पण उजव्या हाताची करंगळी! ती गरीब बिचारी, तिला काही येत नव्हतं, पण जिथे ठेवली तिथे राहिली. वळली नाही. पळाली नाही. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मी खिडकीकडे तोंड केलं. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, “डावी रुसलीय ना? पहिल्या दिवशीच कळलं मला. सगळं तीन बोटांत उरकता.” मी म्हटलं, “कोणाला सांगू नका.” त्या म्हणाल्या, “मी कशाला सांगू? पण तुम्ही तिच्यापासून लपायला इथे आला असाल, तर ही जागा बरी नाही. मुलांना लपलेलं लगेच सापडतं.”

आणि मग चौथ्या आठवड्यातला तो गृहपाठ. तो नसता दिला तर बरं झालं असतं, असं मी किती दिवस म्हणत होतो. बाई म्हणाल्या, ओळखीतलं एक मोठं माणूस शोधा, जे गात नाही. अजिबात गुणगुणतसुद्धा नाही असं. त्याला विचारा, लहानपणी गायचास का, आणि कधी थांबलास. उत्तर लिहून आणा. मी म्हटलं, हे काय, सोपं आहे, माझी बायको. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवते, चोवीस वर्षांच्या संसारात मी तिच्या तोंडून एक ओळ ऐकलेली नाही. संध्याकाळी ती भांडी पुसत होती, मी स्वयंपाकघराच्या दारात वही घेऊन उभा राहिलो, एखाद्या बातमीदाराच्या थाटात. “तू गात का नाहीस गं?” ती म्हणाली, “गायचे की.” “मग कधी थांबलीस?” तिनं ताटली उजेडात धरून डाग आहे का बघितलं. “लग्नानंतर चार-पाच महिन्यांनी. त्या पहिल्या घरात. मी भांडी घासताना गात होते, तुम्ही आत रियाज करत होतात. तुम्ही आतूनच म्हणालात, तुझा सूर खाली येतोय. मग म्हटलं, राहू दे.” मी हसायला गेलो. हसू आलं नाही. मला काही, काहीसुद्धा आठवत नव्हतं. “मी असं म्हणालो?” “अहो, तुम्ही काय रागानं म्हणाला नव्हतात. आणि येतही असेल खाली, मला काय कळतंय त्यातलं. घरात एक गाणारा आहे, पुरे म्हटलं.” आणि तिनं ताटली कपाटात ठेवली आणि दुसरी घेतली.

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. पण मला छळत होतं ते वाक्य नाही. वाक्य कोणाच्याही तोंडून निघून जातं. मला छळत होतं ते पुढचं. या कानांना समोरच्या साठ जणांतल्या एकाची तार केसभर उतरली तर कळतं. या कानांना चोवीस वर्षं घरातलं गाणं बंद झालंय ते कळलं नव्हतं. आम्ही तीन घरं बदलली, भांडी बदलली, तिचे केस पांढरे व्हायला लागले, आणि रोज संध्याकाळी त्या खोलीत नळाचा, ताटल्यांचा आवाज येत राहिला आणि त्यात एक आवाज नव्हता. मी वहीत लिहिलं, ‘एका नातेवाइकानं टोकलं म्हणून थांबल्या.’ बाईंनी वाचलं. “कोण नातेवाईक?” “जवळचा,” मी म्हणालो. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि वही मिटून हातात दिली. खाई त्याला खवखवे. मला वाटलं, सगळ्या वर्गाला कळलं.

त्या बुधवारी, घास काढून घेतलेल्या दिवशी, घरी आलो तेव्हा चेहरा बघूनच बायको म्हणाली, “परत खाल्लात वाटतं सूर.” तिला सगळं सांगत असतो मी, हे एक बरं आहे. ती म्हणाली, “मग तोंडात पाणी धरा. ‘सापडला’ झालं की घोट घ्यायचा आणि धरून ठेवायचा. गिळायचा नाही.” मी म्हटलं, “अगं, पेला घेऊन शिकवू?” “का? तुमच्या वादकांचे काय काय चाळे असतात. एकजण चप्पल काढल्याशिवाय वाजवत नाही म्हणत होतात.” मी हसलो, पण खरं सांगतो, त्या संध्याकाळी मोरीत उभा राहून मी करूनही पाहिलं. ‘सापडला, सापडला’ आणि घोट. गालात पाणी धरून आरशात बघितलं तर एक्कावन्न वर्षांचा एक माणूस गाल फुगवून, डोळे वटारून, मनात एक-दोन-तीन-चार मोजत उभा. कधी एकदा थुंकतो आणि गातो असं झालेलं. बाहेरून बायकोनं विचारलं, “जमतंय का हो?” आणि ते सगळं पाणी नाकात गेलं.

गुरुवारी मी वर्गाआधी बाईंना गाठलं. त्या जिन्याखालच्या खोलीत मुलांच्या खुळखुळ्यांना पट्ट्या चिकटवत होत्या. मी म्हटलं, “बाई, मला थांबता येत नाही. उद्या पुन्हा होणार. माझ्याकडे दुसरं काही नाही उरलेलं, तुम्हाला माहीत आहे.” एवढं बोलायला मला तीन वर्षं लागली होती. बाईंनी पट्टी दातानं तोडली. “थांबता म्हणजे तुम्ही काय करता?” “काय करणार? थांबतो. मोजतो.” “काय मोजता?” “मात्रा. वाद्यवृंदात आपली पाळी नसली की मोजायचंच असतं. कधीकधी ऐंशी-नव्वद मोजाव्या लागतात.” “तेच तर,” बाई म्हणाल्या. “मोजणारा माणूस थांबलेला नसतो, तो आपल्या पाळीची वाट बघत असतो. चार झाले की तुमची पाळी आली. उद्या मोजू नका. तुमची पाळी नाहीच आहे. ती संपली. तुम्ही मुलांकडे बघा. श्वास कोण घेतंय तेवढं बघा.” “आणि कोणीच घेतला नाही तर?” बाईंनी खुळखुळा हलवून कानाशी धरला. “चार वर्षांचं मूल आहे हो. घेणारच.”

शुक्रवारी सकाळी अधिकारी बाई आल्या. उंच, घाईतल्या, त्यांनाही खुर्ची मिळाली नाही. त्या पोटरीएवढ्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसल्या आणि फाइल मांडीवर ठेवायला गेल्या ती घसरून पडली. मुलांना फार आनंद झाला. आधी तोफेचा वर्ग, मग पियानोवालीचा, दोघांचेही छान झाले. मग मी. मी व्हायोलिन डब्यातून काढलंच नाही. खाली बसलो, दोन्ही हात मांडीवर, करंगळी सगळ्यांना दिसेल अशी. मुलांच्या गळ्याच्या पट्टीत गाणं धरलं, ‘एक मोजा पायात, एक मोजा कुठे?’ लाल मोज्याच्या मुलाचा गुडघा हलायला लागला. ‘खाटेखाली, दाराआड, शोधू तरी कुठे?’ पाचसहा मुलं बरोबर आली. ‘सापडला, सापडला’ आणि थांबलो.

डोक्यात ‘एक’ आला. मी तो जाऊ दिला. बटणकडे बघितलं. ती बटण पिळत होती. तिच्या हनुवटीवर दुधाचा एक वाळलेला डाग होता, तो मी तोवर कधी पाहिला नव्हता. तिनं श्वास घेतला. मग सोडून दिला. बाहेर रस्त्यावर क्रेन मागे जाताना पीं पीं करत होती. अधिकारी बाईंनी फाइलमधून मान वर काढली. मागे तोफ बसला होता, त्याला माझ्याहून सहन होईना, त्यानं आपलं तोंड तळहातानं गच्च दाबून धरलं होतं आणि तो लालबुंद झाला होता. माझ्या घशाशी तो सूर आला होता, गोल, भरलेला, अगदी बरोबर, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. मला स्वयंपाकघरातली ती ताटली आठवली, उजेडात धरलेली. बटणनं पुन्हा श्वास घेतला. बटण सोडलं. आणि म्हणाली, “इथे.”

तो सूर आमचा नव्हता. घराचा नव्हता तो, दोन पायऱ्या वर कुठेतरी, भलत्याच जागी. मागे बसलेल्या पाचही जणांच्या पाठी ताठ झालेल्या मला न बघता कळल्या. पियानोवालीच्या बोटांनी हवेत बरोबर सूर दाबलासुद्धा. माझी मान, माझी ही शिकलेली, सव्वीस वर्षांची मान, ‘नाही’ म्हणून हलायला निघाली होती. आणि त्याच क्षणी मला ऐकू आलं की तो सूर चुकलेला नाहीच. ती सांगत होती, मोजा इथे आहे. मी ज्या घरात शोधत होतो तिथे नाही, इथे, वरती, माझ्याकडे. मला कोण आनंद झाला! मी तिचा सूर उचलला आणि तेच घर धरून गाणं पुन्हा सुरू केलं, ‘एक मोजा पायात’, आणि सगळं गाणं दोन पायऱ्या वर चढलं आणि अकराच्या अकरा मुलं त्याच्यामागून चढली, जणू काय रोजचाच जिना. शेवटाला आलो. थांबलो. आता चार जणांनी श्वास घेतला. लाल मोज्याचा मुलगा, जो सहा आठवडे गायला नव्हता, तो खाली, पार खाली, “इथे” म्हणाला आणि हसून लोळला. मग तिथून. मग डबा शोधणारीच्या जागेवरून. किती वेळा ते माहीत नाही. मी मोजलं नाही.

मुलं गेल्यावर अधिकारी बाईंनी आमच्या बाईंशी दारात काहीतरी बोलून फाइलीत खूण केली आणि जाताना मला म्हणाल्या, “सोमवारी सकाळी पत्र न्यायला या. गाणं जरा लांबलं, पण माझ्या डोक्यातून जात नाहीये.” तोफेनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की ज्या पाठीचं मी खोटं कारण सांगितलं होतं ती खरोखर दुखायला लागली. बाई खाली बसून वही पिशवीत टाकत होत्या. मी म्हटलं, “बघू?” त्यांनी डावं पान दाखवलं. ‘बटणनं श्वास घेतला. सोडला. परत घेतला. बटण सोडलं. गायली.’ पुढे लाल मोजा, पुढे सगळी मुलं, ओळींवर ओळी. पन्नाशीचा माणूस मी, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही. “आणि माझं?” बाई उठल्या, गुडघे वाजले, माझ्या खांद्याचा आधार घेतला. “तुमचं लिहायला काही सापडलंच नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कुठे होतात मध्ये?” त्या इतक्या खुशीत हसत होत्या की मी तिथेच वाकून, शिकाऊ पोरासारखा, त्यांच्या पाया पडलो. आजवर कुठल्याही टाळ्यांनी मला असं झालं नव्हतं.

आता शाळेत जातो रोज. सकाळी तीन वर्ग असतात, संध्याकाळी साडेपाचपर्यंत घरी. बायको दुकानातून आली की ती भांडी घासते, मी पुसतो, हे नवीन आहे. पहिल्या दिवशी पुसता पुसता मोज्याचं गाणं तोंडात आलं, ‘सापडला, सापडला’, आणि सवयीनं मी थांबलो. तिनं मान वळवून बघितलं. “काय?” “काही नाही.” “माझ्याकडे काय बघताय? मी काय चार वर्षांची आहे? मी नाही गाणार हं.” “बरं,” मी म्हटलं आणि ताटली पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच थांबलो. ती म्हणाली, “डोकं पिकवू नका, संपवा ते एकदाचं.” मी नाही संपवलं. तिसऱ्या दिवशी तिनं नळ मोठा सोडला. एका आठवड्यानं ती माझ्यावर खरीच चिडली, म्हणाली, रात्रभर ते उरलेलं डोक्यात वाजतं, तुमच्या भावानं तुम्हाला छळलं त्याचा सूड माझ्यावर कशाला? मी म्हटलं, मी काही म्हणत नाही, तू पण म्हणू नकोस. किती दिवस झाले ते मी सांगू शकत नाही, कारण मोजायचं नाही असं ठरवलं होतं. काल ती मोठं पातेलं घासत होती, पाठमोरी, कोपरापर्यंत साबण. मी ‘सापडला, सापडला’ म्हणून थांबलो. पातेल्यावरचा तिचा हात थांबला. तिनं श्वास घेतला. मी पाठीवरूनच पाहिला तो.

“इथे,” ती म्हणाली.

सूर जरासा खाली आला होता. मी पुढची ओळ तिथूनच उचलली.